वाचकांचे प्रश्न : अवजड टूल ट्रॉलीची चाके

या वेळी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच वस्तूभोवती फिरणारी निघाली. ती वस्तू म्हणजे हत्यारांनी भरलेली, अनेक खणांची जड ट्रॉली आणि तिच्या तळाशी असलेली कास्टर. म्हणून या अंकातील सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. कास्टर म्हणजे चाक, चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी काटा आणि ट्रॉलीच्या तळाला बोल्टने बसणारी वरची प्लेट, असे तिन्ही मिळून होणारे एक साधन आहे. पुढील उत्तरांत ‘चाक’ आणि ‘कास्टर’ हे शब्द याच फरकाने वापरले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे नऊ खणांची पत्र्याची टूल ट्रॉली आहे. रिकामी असताना तिचे वजन १२० किलो असल्याचे तिच्या माहितीपत्रकात लिहिले आहे. चार कास्टरपैकी एकाच्या चाकावरचा थर सोलून निघाला आहे. तेवढे एकच बदलले तर चालेल का? आणि नवे कास्टर किती वजन पेलणारे घ्यावे? एकूण वजनाला चाराने भागण्याचा हिशेब बरोबर आहे का?

उत्तर : चाराने भागू नका, तीनाने भागा. ट्रॉलीचा सांगाडा ताठ असतो आणि जमीन कधीही पूर्णपणे सपाट नसते, त्यामुळे चार चाकांपैकी एक चाक बहुतेक वेळा जमिनीला नुसते टेकलेले असते किंवा किंचित अधांतरी असते, आणि वजन उरलेल्या तिघांवर पडते. काटेकोर भूमिती पाहिली तर परिस्थिती याहून वाईट आहे : वजन बरोबर मध्यभागी असेल आणि एक कोपरा अधांतरी असेल, तर जवळजवळ सगळा भार तिरक्या रेषेत समोरासमोर असलेल्या दोनच चाकांवर येतो. प्रत्यक्षात पत्रा थोडा वाकतो, चाकाचा थर थोडा दबतो आणि भार काही प्रमाणात वाटला जातो, म्हणून तीनाने भागून वर थोडी जास्तीची क्षमता ठेवणे हा व्यवहारातला मार्ग झाला आहे.

आता वजन किती, हा प्रश्न. माहितीपत्रकातील १२० किलो हा केवळ पत्र्याचा आकडा आहे. हत्यारांचे वजन डोळ्यांनी ओळखण्याचा प्रयत्न केला तर तो नेहमी कमी ठरतो, कारण पोलाद एक लिटर जागेत सुमारे ७.८ किलो भरते आणि पाने व सॉकेट यांचा खण दिसतो त्यापेक्षा बराच जड असतो. माणसाचे वजन करण्याचा साधा काटा घ्या, एकेका खणातील हत्यारे एखाद्या ट्रेमध्ये काढून ती तोलत जा आणि आकडे कागदावर मांडा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि त्यानंतर अंदाज करावा लागत नाही. समजा हत्यारे ३३० किलो भरली, तर एकूण ४५० किलो, आणि तीनाने भागल्यावर प्रत्येक कास्टरवर १५० किलो. दारातील पट्टीवरून चाक खाली आपटते तेव्हा क्षणभर भार याहून बराच वाढतो, म्हणून किमान १८० ते २०० किलो क्षमतेचे कास्टर घ्यावे.

येथे एक फसगत नेहमी होते. काही ठिकाणी छापलेली क्षमता एका कास्टरची असते, तर काही ठिकाणी चार कास्टरच्या संचाची मिळून असते. ‘क्षमता ६०० किलो’ असे वाचून हुरळून गेलेल्या माणसाच्या हाती प्रत्यक्षात १५० किलोची कास्टर आलेली असतात. शिवाय क्षमतेचा आकडा सपाट जमिनीवर चालण्याच्या वेगाने ढकलण्यासाठी असतो. औद्योगिक कास्टरसाठीचे आयएसओ २२८८३ हे मानकसुद्धा ताशी ४ किलोमीटरपर्यंतचाच वेग गृहीत धरते. भरलेली ट्रॉली गाडीला बांधून ओढत नेली तर तो आकडा लागू राहत नाही.

एक की चार, याचे उत्तर उंचीवर अवलंबून आहे. वापरलेल्या चाकाचा थर दोन-तीन मिलिमीटर झिजलेला असतो. त्याच्याशेजारी एकच नवे चाक बसवले की तो कोपरा उंचावतो, ट्रॉली डुगडुगू लागते आणि भार नव्या चाकावर व त्याच्या तिरक्या समोरच्या चाकावर जाऊन बसतो. थर सोलून निघालेले चाक बहुधा वजनाखाली किंवा वयामुळे गेलेले असते, आणि उरलेली तीन चाके त्याच वजनाखाली तितकीच वर्षे राहिलेली आहेत. चारही बदला.

प्रश्न : कार्यशाळेच्या दारात जमिनीवर ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी बसवलेली आहे. ७५ मिलिमीटरची चाके असलेली माझी ट्रॉली त्या पट्टीपाशी अडते आणि दोघांनी जोर लावावा लागतो. १२५ मिलिमीटरची चाके लावली तर फरक पडेल का, की सरळ २०० मिलिमीटरचीच लावावीत?

उत्तर : फरक पडतो, आणि तो मोजताही येतो. चाकाच्या आसाच्या उंचीवर आडवा जोर लावून चाक अडथळ्यावर चढवायचे असेल, तर चाकावरील वजनाच्या किती पट जोर लागेल हे चाकाची त्रिज्या आणि अडथळ्याची उंची यांवरून निघते. ६ मिलिमीटरच्या पट्टीसाठी ७५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाला हा पट ०.६५ येतो, १२५ साठी ०.४७ आणि २०० साठी ०.३६. चाकावर ११० किलो भार धरला तर अनुक्रमे सुमारे ७१, ५२ आणि ४० किलो जोर झाला, आणि पुढची दोन्ही चाके एकाच वेळी पट्टीला भिडली तर याच्या दुप्पट. दोघांना जोर का लावावा लागतो हे यावरून कळेल. त्याचबरोबर हेही दिसेल की ७५ वरून १२५ वर जाताना मिळणारा फायदा मोठा आहे आणि त्यापुढचा तुलनेने लहान.

तरीही चाके विकत घेण्याआधी माझी सूचना वेगळी आहे. पट्टीच्या दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर उंचीपासून शून्यापर्यंत उतरणारी, ६० मिलिमीटर रुंदीची लाकडाची किंवा धातूची पाचर पक्की बसवा. चढ दहास एक इतका झाला की पुढच्या दोन चाकांवरच्या २२० किलोंसाठी चढाचा असा सुमारे २२ किलोच जोर लागतो. जमिनीवर ढकलताना लागतो तो नेहमीचा जोर त्यात मिळवावा. तुमच्या ७५ च्या दोन चाकांना लागणाऱ्या १४२ किलोंच्या जागी २२ किलो, तेही ट्रॉलीचा एकही बोल्ट न सोडवता. एवढी बचत कोणत्याही आकाराचे चाक देत नाही.

त्यानंतरही चाके मोठी करायची असतील तर १२५ पाशी थांबा. ७५ ऐवजी १२५ चे कास्टर बसवल्यावर ट्रॉली सुमारे ५० मिलिमीटर उंच होते, वरचा खण डोळ्यांच्या वर गेला तर त्यातले काही दिसत नाही, आणि तळाशी ट्रॉलीच्या कडेला आतून पट्टी असेल तर मोठे चाक फिरताना तिला घासते. २०० मिलिमीटरच्या चाकांना लागणारी प्लेट आणि मोकळी जागा सहसा अशा ट्रॉलीच्या तळाला नसतेच.

प्रश्न : नायलॉन, रबर, पॉलियुरेथेन आणि ओतीव लोखंड अशी चार प्रकारची चाके मला दाखवण्यात आली. माझ्या जागेत अर्ध्या भागात इपॉक्सीचा गुळगुळीत थर आहे आणि उरलेल्या भागात साधा सिमेंटचा कोबा, तोही जागोजागी खरवडलेला. कोणते घ्यावे?

उत्तर : चाकाचा जमिनीला लागणारा बाहेरचा थर, ज्याला आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द ‘धाव’ असा आहे, तो जितका कठीण तितका वजनाखाली कमी दबतो आणि तितके चाक सहज लोळते. पण तितकाच तो आवाज करतो, धक्का वर पोहोचवतो आणि जमिनीला इजा करतो. चारही प्रकारांतला फरक बराचसा या एका देवाणघेवाणीतून समजतो.

ओतीव लोखंडाचे चाक सर्वांत टणक. गरम कीस, वेल्डिंगचे उडालेले थेंब, तेल, कशाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. पण इपॉक्सीच्या थरावर ते एका आठवड्यात पांढरट रेघा काढील, आणि तुमचा अर्धा मजला इपॉक्सीचा आहे. नायलॉन हलके, स्वस्त, न गंजणारे आणि सहज लोळणारे आहे. त्याची धाव कठीण असल्याने जमिनीशी स्पर्श अगदी अरुंद जागेत होतो, सगळा भार त्या चिंचोळ्या जागेवर येतो आणि फरशी असेल तर ती तडकू शकते. खरवडलेल्या कोब्यावर नायलॉनचे चाक खडखडत जाते आणि प्रत्येक खड्ड्यासरशी खणातील सॉकेट आपल्या खाचेतून बाहेर उडी मारतात.

रबर याच्या उलट टोकाला. शांत, मऊ, धक्का गिळणारे, आणि म्हणूनच जड ट्रॉलीला निरुपयोगी. ४५० किलोंखाली रबर इतके दबते की चाक प्रत्येक क्षणी स्वतःच्याच खळग्यातून वर चढत असते. ट्रॉली महिनाभर एका जागी उभी राहिली तर खालची बाजू चपटी होते आणि नंतर ढकलताना थड्‌थड् आवाज येतो. काळे रबर फिकट मजल्यावर डाग सोडते, आणि खनिज तेल लागून नैसर्गिक रबर फुगते, तर कार्यशाळेच्या जमिनीवर तेल नसणे अवघड. हवेच्या टायरची चाकेसुद्धा याच कारणासाठी बाद करावीत, कारण त्यांच्यावर उंच ट्रॉली होडीसारखी झुलते.

राहिले पॉलियुरेथेन. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर चिकटवलेली पॉलियुरेथेनची धाव, कठीणपणा शोअर ए मापनाने ९० ते ९५ च्या आसपास, असे चाक तुमच्या दोन्ही प्रकारच्या जमिनींना चालेल. ते डाग पाडत नाही, तेलाला दाद देत नाही आणि इपॉक्सीला ओरखडत नाही. १२५ मिलिमीटर व्यास, ५० मिलिमीटर रुंदी आणि लोखंडी गाभा असलेल्या अशा चाकाची क्षमता सहसा २०० किलोंच्या पुढेच असते. मात्र गाभा पाहून घ्या. हेच पॉलियुरेथेन प्लॅस्टिकच्या गाभ्यावरही मिळते, वरून दोन्ही चाके सारखीच दिसतात आणि क्षमता बरीच कमी असते. हातात घेतल्यावर वजनानेच फरक कळतो.

पॉलियुरेथेनचा एक दोष विकताना कोणी सांगत नाही. त्याचे दोन मोठे वर्ग आहेत, पॉलिएस्टर जातीचे आणि पॉलिइथर जातीचे. पॉलिएस्टर जातीचे घासण्याला आणि तेलाला अधिक टिकते, पण हवेतील ओलावा आणि ऊब यांनी त्याच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तुटत जातात. माझ्याच कार्यशाळेत एका यंत्राचा स्टँड ओलसर कोपऱ्यात काही वर्षे न हलवता उभा होता. हलवायला गेलो तेव्हा चारही चाकांची धाव बोटाने दाबताच खडूसारखी भुगा होऊन पडली, आणि लोखंडी गाभे उघडे पडून जमिनीवर टेकले. चाके फारशी वापरलेलीच नव्हती, त्यामुळे मी आधी विक्रेत्यावर चिडलो. दोष जात चुकीची निवडल्याचा होता. तुमची जागा दमट असेल, किंवा मजला रोज पाण्याने धुतला जात असेल, तर पॉलिइथर जातीचे चाक मागा.

एक प्रकार तुम्हाला दाखवलेला दिसत नाही. कापडाचे थर फेनॉलिक राळेत भिजवून दाबलेले तपकिरी चाक वजन उत्तम पेलते, एका जागी उभे राहून चपटे होत नाही आणि लोखंडापेक्षा जमिनीला बरेच सौम्य असते. त्याच्या कडा मात्र आपटून उडतात आणि सतत पाणी लागले तर ते फुगते. कोरड्या, सपाट कोब्यावर ते मला पॉलियुरेथेनइतकेच आवडते. तुमच्या खरवडलेल्या भागासाठी आवडत नाही.

प्रश्न : चारही कास्टर फिरती बसवली तर अरुंद जागेत ट्रॉली कोणत्याही दिशेला सरकवता येईल, असे मला सुचवण्यात आले आहे. सध्या दोन स्थिर आणि दोन फिरती आहेत. बदल करावा का?

उत्तर : ट्रॉली भिंतीलगतच्या फटीतून आडवी काढावी लागत असेल तरच करावा. चारही फिरती असली की ट्रॉली सरळ रेषेत ठेवायला सतत दोन्ही टोकांवर ताबा ठेवावा लागतो आणि किंचित उतार असला तरी ती मनाला येईल तिकडे जाते. दोन स्थिर आणि हँडलच्या बाजूला दोन फिरती ही रचना म्हणूनच रूढ झाली.

त्यात कलंडण्याचाही भाग आहे. फिरत्या कास्टरचा काटा वरच्या उभ्या खिळीभोवती वळतो. त्याचे चाक त्या खिळीच्या बरोबर खाली नसते, ते मागे सरकलेले असते आणि त्यामुळेच ते आपोआप वळते. १२५ मिलिमीटरच्या कास्टरमध्ये हे अंतर ४० मिलिमीटर धरू. रुंदीच्या दिशेने चाकांतील अंतर ४०० मिलिमीटर आणि भरलेल्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य ६५० मिलिमीटर उंचीवर असेल, तर ती १७ अंश कलल्यावर उलटते. आता चारही कास्टर फिरती आहेत आणि ट्रॉली आडवी ढकलली, तर पुढच्या बाजूची चाके मागे वळून ४० मिलिमीटर आत येतात, आणि तो कोन १४ अंशांच्या खाली उतरतो. नेमके त्याच वेळी पुढचे चाक एखाद्या बोल्टवर अडले तर ट्रॉली त्याच बाजूला पडते. चाके मोठी केल्याने उंची वाढून होणारे नुकसान याच्यापुढे किरकोळ आहे : वरच्याच उदाहरणात उंची ५० मिलिमीटर कमी केली तर कोन १७ चा फक्त १८ होतो. ट्रॉली लांबीच्या दिशेनेच ढकलावी, खण कुलूपबंद करून ढकलावी, आणि जड हत्यारे खालच्या खणांत ठेवावीत.

चारही फिरती बसवलीच, तर निदान दोघांना दिशा रोखणारी खिळी असावी. ब्रेकच्या बाबतीतही हीच खबरदारी घ्यावी. नुसता चाक अडवणारा ब्रेक लावला तरी कास्टर वरच्या खिळीभोवती फिरू शकते, म्हणून खण उघडताना ट्रॉली हळूच बाजूला सरकते. चाक आणि फिरणे दोन्ही एकाच पेडलने रोखणारा ब्रेक घ्यावा.

प्रश्न : जुन्या कास्टरची प्लेट आणि मी आणलेल्या नव्या कास्टरची प्लेट यांची भोके जुळत नाहीत. वेल्डिंग करून टाकावे का? आणि हे काम एकट्याने होईल का, कृपया क्रमाने सांगावे.

उत्तर : वेल्डिंग करू नका. ट्रॉलीचा तळ पातळ पत्र्याचा आणि त्याखालच्या घडीच्या पट्ट्यांचा असतो, तो जळून भोक पडते. पट्ट्या जस्त चढवलेल्या असतील तर निघणारा धूर ताप आणतो, आणि पुढच्या वेळी चाक बदलायचे म्हटले की ग्राइंडर घेऊन बसावे लागते. पत्र्यातील भोके लांबट करून नव्या प्लेटशी जुळवणेही तितकेच वाईट, कारण जड ट्रॉलीची कास्टर तुटतात त्याहून अधिक वेळा ती तळाच्या पत्र्यातून उपटून येतात.

प्लेटची मापे मनमानी नसतात, हे लक्षात घेतले तर हा प्रसंग टळतो. इंची मापाच्या कास्टरमध्ये ४ × ४½ इंचांची प्लेट फार प्रचलित आहे. तिची भोके लांबट असतात आणि ६७ × ९२ मिलिमीटरपासून ७६ × ७६ मिलिमीटरपर्यंतच्या अंतरांना जुळतात, बोल्ट ⅜ इंचाचा. मेट्रिक मापात लहान कास्टरना ८० × ६० मिलिमीटर आणि मोठ्यांना १०५ × ८० मिलिमीटर ही अंतरे नेहमी आढळतात. खरेदीला जाताना भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची दोन्ही अंतरे, बोल्टची जाडी, जमिनीपासून प्लेटच्या माथ्यापर्यंतची एकूण उंची आणि कास्टर गोल फिरताना लागणारी त्रिज्या लिहून न्यावी. एकूण उंची झिजलेल्या चाकावरून मोजू नये. चाकावर छापलेला मूळ व्यास पाहून फरक मिळवावा.

आणलेली कास्टर परत होत नसतील तर मधे ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट घाला. तिला जुन्या अंतरावर चार भोके पाडून ती तळाला बोल्टने बसवावी आणि नव्या अंतरावर पाडलेल्या चार भोकांना कास्टर लावावे. तळाला जाणाऱ्या बोल्टची डोकी प्लेटच्या पृष्ठभागात बुडणारी हवीत, नाहीतर कास्टर सपाट बसत नाही. चारही कोपऱ्यांत ही प्लेट घालावी लागेल, एकात घालून भागणार नाही.

एकट्याने काम होते, फक्त घाई नको. सर्व हत्यारे आणि नंतर सर्व खण बाहेर काढा. राहिलेला सांगाडा ओळखू येणार नाही इतका हलका झालेला असतो. पाठीवर आडवा करण्याएवढी जागा आणि मदतीला एक माणूस असेल तर जाड सतरंजीवर तो आडवा करा, मग सगळे काम डोळ्यांसमोर होते. नसेल तर जॅकने एकेक टोक उचला. जॅक पत्र्याच्या मध्याला लावू नका, दोन्ही कडांच्या पट्ट्यांखाली आडवी फळी ठेवून फळीला लावा. स्थिर कास्टरचे टोक आधी घ्यावे, कारण त्या वेळी दुसऱ्या टोकाचे ब्रेक लावलेले असतात. ब्रेकवाले टोक उचलाल तेव्हा जमिनीवर उरलेल्या स्थिर चाकांना ब्रेक नसतो हे विसरले जाते आणि सांगाडा जॅकवरून घसरतो. त्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी मारा. चार-पाच सेंटिमीटर उचलले की पुरे. लगेच दोन्ही कोपऱ्यांखाली आडवे-उभे रचलेले लाकडी ठोकळे सरकवा आणि जॅक थोडा उतरवून वजन ठोकळ्यांवर घ्या. जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये.

जुने बोल्ट गंजून बसले असतील तर त्यांच्यावर भेदक तेल सोडून रात्रभर थांबा. नवे बोल्ट डोक्यावर ८.८ अशी खूण असलेले, नायलॉनची कडी असलेल्या नटांसह घ्या, आणि आतल्या बाजूने रुंद वॉशर घाला. खरी गंमत स्थिर कास्टरची आहे. लांबट भोकांमुळे ती दोन-तीन अंश तिरकी बसू शकतात आणि मग ट्रॉली आयुष्यभर एका बाजूला ओढते. चारही बोल्ट हाताने लागतील तेवढेच लावा, दोन्ही चाकांच्या कडेच्या सपाट अंगांना एकेक लांब सरळ पट्टी टेकवा, पट्ट्यांच्या दोन्ही टोकांमधील अंतर टेपने मोजा, अंतर दोन्हीकडे सारखे येईपर्यंत कास्टर बोटाने ढकला, आणि मगच पाना आवळा. आवळताना तिरक्या समोरचे बोल्ट आळीपाळीने घ्यावेत. ट्रॉली भरून आठवडाभर वापरली की सगळे नट पुन्हा एकदा तपासावे लागतील, कारण रंगाचा थर दबून ते थोडे सैल होतात.

प्रश्न : माझ्या ट्रॉलीचे एक चाक ढकलताना थरथरते आणि दुसरे किंचाळते. दोन्ही बदलावीत का?

उत्तर : किंचाळणाऱ्याला आधी संधी द्या. आसाभोवती दोरा, केस आणि तारेचे तुकडे गुंडाळले जाऊन काट्याला घासतात. धारदार चाकूने कापून चिमट्याने ओढून काढले की बहुतेक वेळा आवाज थांबतो. बेअरिंग उघडे असेल तर ते रॉकेलने धुऊन, वाळवून, लिथियमचे वंगण भरावे. काट्यावर ग्रीसचे निपल असेल तर जुने काळे वंगण बाहेर पडेपर्यंत गनने भरावे. पातळ तेलाचा फवारा मारू नये, तो असलेले वंगणही धुऊन नेतो. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेले बेअरिंग मात्र उघडून वंगण भरण्यासारखे नसते, ते बदलावेच लागते.

थरथरणाऱ्या कास्टरचा दोष चाकात नसून बहुधा वरच्या फिरत्या डोक्यात असतो. तो कोपरा उचलून ठोकळ्यावर घ्या, चाक हातात धरून आडवे हलवा आणि प्लेट व काटा यांच्यामधील फटीकडे पाहा. फट एका बाजूला उघडत आणि दुसऱ्या बाजूला मिटत असेल तर आतील छर्ऱ्यांची वाट झिजली आहे. मधल्या खिळीला नट असेल तर तो थोडा आवळून पाहता येतो, इतकाच की हात सोडल्यावर काटा अडखळत नाही. खिळी ठोकून बसवलेली असेल तर त्यावर उपाय नाही आणि ते कास्टर काढावे लागते, कारण छर्रे एकदा बाहेर पडू लागले की काटा प्लेटपासून सुटून येतो आणि ट्रॉली त्या कोपऱ्यावर बसते.